दिसायला सारखं

“वेबसाइटची पानं तर तयारच आहेत ना?” प्रकाशक काकांनी विचारलं. मी हो म्हणालो. “मग आता नुसते तुकडे पाडायचे?” त्यालाही हो म्हणालो, आणि वर उत्साहाच्या भरात तीन आठवड्यांची मुदत सांगून मोकळा झालो. काम नऊ आठवडे चाललं. ही हकीकत त्या वरच्या सहा आठवड्यांची.

प्रकाशन पुण्यातलं, जुनं. विक्रीला सातशेच्या आसपास पुस्तकं, आणि ती ऑनलाइन विकायला नवी वेबसाइट. डिझाइन केलं होतं सांगलीच्या एका ताईंनी. त्यांचा मूळ धंदा मुखपृष्ठांचा. हयात कोरलड्रॉमध्ये गेलेली. पण पंचेचाळिशीनंतर हट्टाने एचटीएमएल (वेबपानाचा सांगाडा लिहायची भाषा) आणि सीएसएस (त्याचं रूप ठरवणारी) शिकल्या, त्यामुळे नुसती चित्रं न पाठवता त्या थेट पानंच बांधून देतात. झिप फाइलमध्ये २३ पानं होती, ४,८०० ओळींची एक सीएसएस फाइल, बूटस्ट्रॅप आणि जेक्वेरी ही पानं बांधायची तयार साधनं, आणि दोन फोल्डर भरून चित्रं. ब्राउझरमध्ये उघडलं की पान कसं देखणं! मोकळ्या जागा, शीर्षकाचं वजन, किमतीचा मातकट लाल रंग, सगळं जिथल्या तिथे. मला वाटलं, ताट वाढलेलंच आहे, आपण फक्त पाटावर बसायचं.

ही पानं स्थिर होती, म्हणजे त्यातलं प्रत्येक अक्षर हाताने लिहिलेलं. मुख्य पानावर आठ पुस्तकं दिसत असतील तर पुस्तकाचा तोच ढाचा आठदा चिकटवलेला. आम्हाला ते रिअ‍ॅक्टमध्ये आणायचं होतं. ते म्हणजे जावास्क्रिप्ट या भाषेतलं, सुट्या भागांतून पान बांधायचं साधन. ढाचा एकदाच लिहायचा, त्याला कंपोनंट म्हणायचं, आणि एकेका पुस्तकाची माहिती त्याला बाहेरून पुरवायची. त्या पुरवलेल्या माहितीला प्रॉप्स म्हणतात. ताईंना फोनवर हे समजावत होतो तर त्या म्हणाल्या, “म्हणजे खिळे जुळवणंच की.” लहानपणी शेजारच्या छापखान्यात त्यांनी शिशाचे अक्षर-खिळे जुळवणारे कंपोझिटर काम करताना पाहिले होते. “पण मग केस लागते ना रे. कुठला खिळा कुठल्या घरात, ते आधी ठरलेलं असतं. तुझी केस कुठंय?”

केस म्हणजे खिळे ठेवायची खणाखणांची पेटी. माझ्याकडे केस नव्हती. मी सरळ पहिल्या पानापासून कापायला घेतलं.

सुरुवात वरच्या पट्टीपासून केली, कारण हेडर तरी सगळीकडे एकच असणार. २३ फाइलींमधली पट्टी काढून एकमेकींशी ताडून पाहिली तर सहा निरनिराळ्या पट्ट्या निघाल्या. कुठे ‘संपर्क’, कुठे ‘संपर्क साधा’. दोन पानांवर जुना फोन नंबर. एका पानावर शोधपेटी उजवीकडे, बाकी ठिकाणी मधोमध. चिकटवलेल्या मजकुराचं हे असंच होतं. दुरुस्ती सुचते ती समोर उघड्या असलेल्या पानात होते, उरलेली बावीस पानं मागेच राहतात. हेडरपुरतं सोपं होतं. सगळ्यात नवी पट्टी खरी धरली आणि पुढे गेलो. कोणाला न विचारता खरं काय ते ठरवायची ही सवय पुढे नडली.

मग हमालीचं काम. रिअ‍ॅक्ट २०१३ साली फेसबुकने सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा जावास्क्रिप्टच्या पोटात एचटीएमएल लिहिलेलं बघून पुष्कळांनी नाकं मुरडली होती. त्या लिखाणाला जेएसएक्स म्हणतात. दिसायला एचटीएमएल, पण जात जावास्क्रिप्टची. ‘क्लास’ हा तिथे राखीव शब्द, म्हणून ‘क्लासनेम’ लिहायचं. लेबलवरच्या ‘फॉर’चं ‘एचटीएमएल-फॉर’ करायचं. चित्राचा टॅग (एचटीएमएलमधली खूण) उघडा राहिला तरी ब्राउझर खपवून घेतो, इथे तो बंद करावाच लागतो. शोधा-आणि-बदला करत अर्ध्या दिवसात सगळं उरकलं आणि खुशीत चहाला गेलो. परत आलो तर बालसाहित्याच्या पानावर एकही पुस्तक नाही. ताईंनी पुस्तक कितवीच्या मुलांसाठी आहे ते ‘डेटा-क्लास’ अशा नावाने टॅगवर लिहून ठेवलं होतं. क्लास म्हणजे इयत्ता! माझ्या बदला-बदलीत इयत्तेचंही ‘क्लासनेम’ झालं होतं आणि इयत्तेनुसार पुस्तकं निवडणारा कोड रिकाम्या हाताने परत येत होता. हे सापडायला दोन तास गेले.

आता मुख्य प्रकरण, पुस्तकाचं कार्ड. मुखपृष्ठ, खाली शीर्षक, लेखक, किंमत. साइटभर हेच. मी म्हटलं, एकच कार्ड लिहू आणि सगळीकडे तेच लावू. पुन्हा वापरता येणारं म्हणतात ते हेच ना? पहिल्या दिवशी त्याला चार प्रॉप्स होते. मग सवलतीच्या पानावर खोडलेली जुनी किंमत हवी होती, म्हणून एक वाढला. शोधाच्या यादीत कार्ड आडवं होतं. ‘वाचकांची पसंती’मध्ये कोपऱ्यात क्रमांक होता. पिशवीत, म्हणजे ग्राहकाने निवडलेल्या पुस्तकांच्या यादीत, मुखपृष्ठ अगदी चिमुकलं. एका ठिकाणी किंमत नव्हतीच, मग ‘किंमत लपवा’. आठवडा संपेपर्यंत कार्डाचे १७ प्रॉप्स झाले, त्यातले नऊ नुसते हो-नाहीचे. नऊ हो-नाही म्हणजे ५१२ तऱ्हा, आणि साइटवर प्रत्यक्षात लागणाऱ्या सात.

आमच्याकडे नुकतीच लागलेली एक मुलगी हे वापरून पान बांधत होती. तिने विचारलं, “दादा, ‘आडवं’ आणि ‘लहान’ दोन्हीला हो दिलं तर काय दिसतं?” देऊन पाहिलं. मुखपृष्ठ चौकटीबाहेर लोंबायला लागलं आणि किंमत लेखकाच्या आडनावावर जाऊन बसली.

“असं कोणी देणार नाही,” मी म्हणालो.

“मग देता का येतं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोवर मी ब्रॅड फ्रॉस्ट या वेब डिझायनरची अणू-रेणूंची पद्धतही लावून बसलो होतो. २०१३ मध्ये त्याने ती मांडली: बटणासारखे सुटे भाग म्हणजे अणू, ते जोडून रेणू, रेणूंचे सजीव, त्यापुढे साचे आणि पानं. विचार चांगला आहे, डोक्यात असावाच. पण शोधपेटी रेणू की सजीव यावर आमच्या दोघांत अर्धा दिवस वाद झाला आणि त्यातून एक ओळही कोड निघाला नाही. फोनवर ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, “पुस्तकाच्या दुकानात अणुभट्टी कशाला लावताय? मीच येते.”

त्या सकाळच्या गाडीने आल्या. येतानाच त्यांनी २३ पानांच्या रंगीत प्रिंट काढून आणल्या होत्या आणि पिशवीत कात्री होती. टेबलं बाजूला सारून फरशीवर सगळं पसरलं. पानांवरची पुस्तकाची कार्डं तेवढी कापून काढली. पानागणिक प्रत्येक तऱ्हेचं एकच धरूनही ३१ तुकडे झाले. मग त्यांनी गंजिफा मांडाव्यात तसे ढीग लावायला सुरुवात केली.

मी बघत होतो, कारण हेच ढीग मी आधी संगणकावर लावले होते, आणि त्यांचे माझ्याशी जुळत नव्हते. मी वेगळी मानलेली दोन कार्डं त्यांनी एकावर एक ठेवली. मी म्हटलं, “ताई, इथे मधली जागा वीस पिक्सेल आहे आणि इथे चोवीस.” त्या म्हणाल्या, “चुकून झालंय ते. त्या दिवशी मधेच लाइट गेले होते, मग मी अंदाजाने परत केलं.” ते वीस-चोवीस सांभाळायला मी एक अख्खा प्रॉप ठेवला होता.

आणि मी एकच मानलेली दोन कार्डं त्यांनी लांब लांब ठेवली. एक साधं, एक कवितासंग्रहाचं. कवितासंग्रहाच्या कार्डावर किमतीच्या जागी कवितेच्या चार ओळी होत्या आणि अक्षर अठरा पिक्सेलचं, बाकी ठिकाणी वीसचं. मला ती गफलत वाटली होती. मी सरळ वीस करून टाकलं होतं. “हे मुद्दाम आहे,” त्या म्हणाल्या. “कवीने ओळ जिथे तोडली तिथेच तुटली पाहिजे. वीसमध्ये मावत नव्हती, म्हणून अठरा. जागा कमी पडली तर अक्षर बारीक कर, पण ओळ मोडू नको.” मी लॅपटॉपवर माझं कार्ड उघडून दाखवलं. चार ओळींची कविता परिच्छेदासारखी सलग वाहत होती आणि तिसऱ्या ओळीत तीन टिंबांवर संपत होती. ताई काही बोलल्या नाहीत. चष्मा काढून पुसला, एवढंच.

कुठला फरक चुकून पडलेला आणि कुठला मुद्दाम ठेवलेला, हे फाइलीत कुठेच लिहिलेलं नसतं. वीस आणि अठरा, दोन्ही आकडे सीएसएसमध्ये सारख्याच ठसठशीतपणे बसलेले असतात. मी आधीच एक फोन करायला हवा होता; पण डिझायनरला सारखं विचारत बसणं मला कमीपणाचं वाटायचं, हे कबूल करतो.

संध्याकाळपर्यंत चार ढीग झाले आणि प्रत्येकावर ताईंनी चिठ्ठी लावली: ‘उभं कार्ड’, ‘आडवी ओळ’, ‘कवितेचं पान’, ‘पिशवीतली ओळ’. १७ प्रॉप्सवालं कार्ड मी दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. त्याच्या जागी चार साधी कार्डं आली, आणि त्यांच्या आत बसणारे बारके भाग वेगळे झाले: मुखपृष्ठ, शीर्षक, किंमत. कार्ड म्हणजे नुसती चौकट. आत काय मांडायचं ते पान ठरवणार. ‘किंमत लपवा’ असं सांगायची गरजच उरली नाही. नको असेल तर ठेवू नका.

जाता जाता एक गंमत. ताईंच्या चिठ्ठ्यांवरची नावं इतकी नेमकी होती की मी प्रयोग म्हणून एका कंपोनंटला कोडमध्येच देवनागरी नाव दिलं. रिअ‍ॅक्टमध्ये कंपोनंटचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षराने सुरू करावं लागतं, नाहीतर तो साधा टॅग समजला जातो. आपल्याकडे लहान-मोठं अक्षर ही भानगडच नाही. आमच्याकडे ते बिनबोभाट चाललं. पण दर ओळीला किबोर्ड बदलून बदलून बोटं दमली, तेव्हा सोडून दिलं. नावं मात्र बोलण्यात तीच राहिली.

ढीग लावून झाल्यावर फरशीवर कातरणं उरली होती. झाडू आणायला उठलो तर ताईंनी त्यातली पाच-सहा उचलली. प्रत्येकावर एकच ओळ होती. ‘लेखक : अमुक’. ‘ले. अमुक’. नुसती एक रेघ आणि नाव. ‘मूळ लेखक अमुक, अनु. तमुक’. “ही बघ, ही सगळीकडे आहे,” त्या म्हणाल्या. खरंच होती. चारही कार्डांत, पुस्तकाच्या मुख्य पानावर, शोधात, पावतीवर, ऑर्डर मिळाल्याच्या ईमेलमध्ये. इतकी बारकी होती की मी तिला भाग मानलंच नव्हतं. जिथे लागेल तिथे हाताने लिहीत सुटलो होतो. आम्ही तिला श्रेय-ओळ म्हणायला लागलो. साइटवर सगळ्यात जास्त ठिकाणी, चौदा जागी, वापरला गेलेला कंपोनंट तो हाच, आणि सगळ्यात जास्त डोकं खाणाराही हाच.

कारण ताईंच्या पानांवर बहुतेक पुस्तकांना एक लेखक होता. काकांच्या एक्सेलमध्ये ‘लेखक’ नावाचा एक रकाना होता आणि त्यात मराठी ग्रंथव्यवहार कोंबलेला होता. ‘संपा.’ कधी नावाआधी, कधी नंतर. दोन नावांमध्ये कुठे ‘व’, कुठे ‘आणि’, कुठे स्वल्पविराम, कुठे ‘-’. अनुवादक कधी कंसात, कधी गायब. ‘शब्दांकन’ ही निराळीच जात. आत्मकथन एकाचं, शब्दांकन दुसऱ्याचं, मग लेखक कोण म्हणायचा? कंपोनंट लिहायला अर्धा दिवस पुरला असता. पण त्याला माहिती नीट वेगवेगळी करून द्यायला हवी: हा लेखक, हा अनुवादक, हा संपादक. ती वेगळी करायला दुकानातले तीस वर्षांपासूनचे एक गृहस्थ आणि मी चार संध्याकाळी बसलो. त्यांना एक्सेलची सवय नव्हती, पण पुस्तक म्हटलं की आत कोणाचं काय काम ते तोंडपाठ.

नियम काकांनी दिले. मूळ लेखक आधी, अनुवादक नंतर. संपादित पुस्तकात नावापुढे ‘(संपा.)’. तिघांपेक्षा जास्त लेखक असतील तर छोट्या कार्डात पहिलं नाव आणि ‘व इतर’, पण पुस्तकाच्या स्वतःच्या पानावर झाडून सगळे. मी विचारलं, पिशवीतल्या ओळीत जागा अगदीच कमी आहे, तिथे अनुवादक वगळला तर? काकांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “अनुवादकाचं नाव गाळायचं नाही. जागा नसेल तर किंमत गाळा.” ज्या वेबसाइटवर वस्तू विकायची आहे तिच्या मालकाचं हे वाक्य. मी ते कोडमध्ये शेरा म्हणून तसंच्या तसं लिहून ठेवलंय.

सीएसएसबद्दल फार लिहीत नाही, ते दुःख ज्याचं त्याला माहीत असतं. ‘मुख्य पानातल्या तिसऱ्या भागातल्या कार्डाचं शीर्षक’ अशा लांबलचक पत्त्यांनी नियम लिहिलेले. कार्ड दुसऱ्या पानावर नेलं की अंगावरचे कपडे मागेच राहायचे. एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. ताईंच्या कार्डाला स्वतःचं बाहेरचं मार्जिन होतं, आणि ओळीतल्या चौथ्या कार्डाचं मार्जिन काढून टाकणारा एक नियम. चार-चारच्या ओळी असतील तोवर झकास. मोबाइलवर दोन-दोनच्या ओळी झाल्या की हा नियम दर दुसऱ्या ओळीच्या शेवटी उगवायचा आणि पान एका कुशीवर कललेलं दिसायचं. आम्ही ठरवलं, कुठल्याही कंपोनंटने आपल्या बाहेरची जागा ठरवायची नाही. आतलं पॅडिंग त्याचं, शेजाऱ्यांमधलं अंतर ज्याने त्यांना शेजारी बसवलं त्याचं. त्यासाठी सीएसएसमध्ये ‘गॅप’ आहेच. एवढ्या एका नियमाने पावणेदोनशे ओळी गेल्या.

देवनागरीने मात्र चांगलाच घाम काढला. ताईंनी काही पानांवर वर्णनाच्या जागी लोरेम इप्सम, म्हणजे जागा भरायचा निरर्थक लॅटिन मजकूर, टाकलं होतं, आणि लॅटिन अक्षराला ना वेलांटी ना उकार. ओळीची उंची १.२ ठेवून ते छान बसलेलं. खरी मराठी वर्णनं आल्यावर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला टेकायला लागला. शीर्षक दोन ओळींत आवरायचं म्हणून मी बाकीचं झाकलं होतं, तर दुसऱ्या ओळीतल्या शब्दांचे दीर्घ उकार अर्धे कापले गेले. ‘सूर’ आणि ‘सुर’ यात वाचणाऱ्याला फरकच कळेना. उंची १.६ केली, खाली थोडं पॅडिंग दिलं. बटणावरच्या अक्षरांत इंग्रजी पद्धतीने थोडं अंतर टाकलेलं होतं, त्याने शिरोरेषा तुटून ‘खरेदी करा’ दातपडक्यासारखं दिसायचं. ते काढलं.

शीर्षकं आखूड करायला मी सुरुवातीला चक्क चाळीस अक्षरांवर कापत होतो. अक्षरं म्हणजे संगणकाच्या लेखी एकेक संकेत. काना, मात्रा, हलन्त सगळे सुटे मोजले जातात. ‘... : एक चिकित्सक अभ्यास (खंड दुसरा)’ थाटाची शीर्षकं या धंद्यात रोजची. त्यातलं एक नेमकं ‘महाराष्ट्रातील’ या शब्दात कापलं गेलं आणि पानावर ‘महाराष्’ झळकलं, पायमोडक्या ष सकट. काकांनी त्याचा फोटो काढून पाठवला, सोबत एक शब्दही न लिहिता. तेव्हापासून कापाकापी सीएसएसवर सोपवली. ब्राउझर निदान जोडाक्षराच्या मधे सुरी चालवत नाही.

ताईंची एक जुनी तक्रार होती. त्यांच्या छापील कामात ल पाकळीचा आणि श देठाचा असतो, आपल्या मराठी वळणाचा. पण त्याच फॉन्टमध्ये वेबवर दोन्ही अक्षरं हिंदी वळणाची का येतात? शासनाच्या २००९च्या निर्णयातही हेच पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श दिलेले आहेत, हे त्या मला दर भेटीत ऐकवत. मला वाटायचं फॉन्टच तसा असेल. पानं एकत्र करताना दिसलं की सगळ्या २३ फाइलींच्या पहिल्या टॅगवर भाषा ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी, लिहिलेली आहे, कुठल्याशा तयार सांगाड्यातून आलेली. ती ‘एमआर’, म्हणजे मराठी, केली. पान पुन्हा उघडलं तर ल आणि श बदललेले! फॉन्टमध्ये मराठी वळण आधीपासून होतं. मजकूर मराठी आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी ताईंना व्हिडिओ कॉल लावून स्क्रीनसमोर फोन धरला. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग, “किती वर्षं रे...”

किमतीचा भाग झटक्यात झाला. जावास्क्रिप्टच्या आकडे मांडणाऱ्या सोयीला मराठी-भारत असं सांगितलं की देवनागरी आकडे आपोआप येतात, लाख-हजारांच्या स्वल्पविरामांसकट. पावतीवर हिशेबनीसांना इंग्रजी आकडे हवे होते. तो एक प्रॉप ठेवला, आणि ठेवावासा वाटला असा तो एकटाच.

दोन किडे, म्हणजे कोडमधल्या चुका, उशिरा सापडले. मुख्य पानावर फिरती पुस्तकं होती, जेक्वेरीच्या एका स्लायडरवर चालणारी. मी ती तशीच कंपोनंटमध्ये गुंडाळली. सगळं फिरत होतं. पण ‘पिशवीत टाका’ बटण काही पुस्तकांवर कधी चालायचं, कधी नाही. अखेर उलगडलं: फेरा अखंड दिसावा म्हणून स्लायडर टोकाच्या पुस्तकांच्या नकला करून दोन्हीकडे चिकटवतो. त्या नकला रिअ‍ॅक्टने केलेल्या नसतात, त्यामुळे त्यांच्यावर क्लिक झालं तरी रिअ‍ॅक्टच्या गावी नसतं. ग्राहक नकलेवर बोट दाबत होता. स्लायडर काढला, सीएसएसच्या स्क्रोल-स्नॅप नावाच्या सोयीने तेवढंच काम होतं. अखंड फेरा गेला, कोणाला चुकल्यासारखं वाटलं नाही.

दुसरा किडा त्या मुलीने पकडला. पिशवीत पाच पुस्तकं होती. तिने चौथ्या पुस्तकाच्या ‘प्रती’ या शब्दावर क्लिक केलं आणि कर्सर पहिल्या पुस्तकाच्या चौकोनात गेला. तिने चार म्हणून टाकले ते पहिल्याचे झाले. ताईंच्या पानावर त्या चौकोनाचा आयडी, म्हणजे कोडमधलं ओळखनाव, एकच होता, कारण त्यांच्या पिशवीत पुस्तकच एक होतं. कंपोनंट पाचदा वापरला की तोच आयडी पाचदा येणार, आणि ब्राउझर पहिल्याला धरून बसणार. मार्च २०२२ मध्ये आलेल्या रिअ‍ॅक्ट १८ मध्ये खास यासाठीच ‘यूज-आयडी’ नावाची सोय आहे. एका ओळीचं काम. पण दुरुस्तीच्या आधी हे कोणी ग्राहकाने केलं असतं तर चार प्रती भलत्याच पुस्तकाच्या घरी गेल्या असत्या.

नवव्या आठवड्यात साइट सुरू झाली. जुनी पानं मी जपून ठेवली आहेत. नव्या पानांचे स्क्रीनशॉट त्यांच्यावर ठेवून फरक तपासायला उपयोगी पडतात.

पुढच्या ऑगस्टमध्ये ताईंचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. दिवाळी अंकाच्या आगाऊ नोंदणीचं पान हवं होतं. यावेळी झिप फाइल नाही. वहीच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीने चौकोन काढलेले आणि त्यात लिहिलेलं: ‘इथे उभं कार्ड, एकच, मोठं’. ‘श्रेय-ओळ, संपादकांची’. ‘किंमत’. तळाशी एक मोठा रिकामा चौकोन आणि त्यात, ‘अनुक्रमणिका. हे आपल्याकडे नाही. तू नाव ठेव, पण नावं ठेवू नको.’

बाकीचं पान जेवायच्या सुट्टीआधी उभं राहिलं. अनुक्रमणिकेत लेखाचं शीर्षक डावीकडे, पानाचा आकडा उजवीकडे आणि मधे छापील अंकात असते तशी टिंबांची रांग हवी होती. शीर्षक दोन ओळींचं झालं तर टिंबं दुसऱ्या ओळीच्या शेवटापासून सुरू व्हायला हवीत, असं त्यांनी फोनवर दोनदा बजावलं. सीएसएसमध्ये त्याला सरळ उपाय नाही. दीड दिवस गेला.